चार वर्षांच्या मुलीला ब्रुअरीत न्यायचं का?

पिंगूची_आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज विचारायची वेळ आली.

आमची पिंगू साडेचार वर्षांची आहे. आम्हा नवरा-बायकोचा कॉलेजपासूनचा दहा जणांचा कंपू. लग्नं झाली, नोकऱ्या बदलल्या, एकाचा घटस्फोट झाला, पण महिन्यातून एकदा भेटायचंच हा कंपूचा नेम कधी मोडला नाही. मोडला तो आमचा. पिंगू झाल्यापासून एकदा मी जाते, एकदा तो जातो. दोघं मिळून शेवटचं कधी गेलो होतो हे आठवायला बसलो की भांडण होतं.

या महिन्याला ठरलेली जागा म्हणजे एक ब्रुअरी. बाहेर मोठं अंगण, झाडं, लाकडी बाकं. फोन करून विचारलं तर म्हणाले, "मुलं चालतात, बिनधास्त आणा." कंपूचंही तेच. "आण गं तिला, आम्ही आठ जण आहोत की बघायला!"

घरात मात्र दोन पार्ट्या. आई म्हणते, "गुत्त्यात लेकरू घेऊन जाणार? शोभतं का?" नवरा म्हणतो, फ्रिज उघडला की तिला बाटली दिसतेच, मग अंगणात बसून दिसली तर काय आभाळ कोसळणार आहे. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही आणि दोघांचंही थोडं थोडं पटतं.

खटकलं ते वेगळंच. परवा पिंगूची भातुकली चालली होती. बाहुलीला पाणी दिलं, अस्वलाला दिलं, आणि तिसरा कप बाजूला ठेवून बाहुलीला म्हणाली, "हे बाबांचं. तू प्यायचं नाहीस, तू लहान आहेस." मग स्वतःच तो कप उचलला, अस्वलाच्या कपाला टेकवला, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि "हाऽऽऽ" केलं. माझा नवरा पहिल्या घोटानंतर करतो, अगदी तस्सं. मी खूप हसले आणि मग जरा वेळाने हसू आलं नाही.

तर, 'संस्कार' या एका शब्दात उत्तर देऊ नका, तो घरी ऐकून झालाय. ज्यांनी मुलांना नेलंय, ज्यांनी मुद्दाम नेलं नाही, किंवा लहानपणी ज्यांना कुणी नेलं होतं, त्यांनी काय पाहिलं ते सांगा.


काउंटरमागचा

अकरा वर्षं बारमध्ये काउंटरच्या मागे उभा होतो. गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून सोडलं. पोरंबाळं घेऊन येणारी माणसं किती पाहिली याला गणती नाही, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

न्यायचं की नाही यावर डोकं शिणवू नका, ताई. उठायचं किती वाजता हे घरातून निघतानाच ठरवा. बाकी सगळं त्यात येतं.

दुपारी बाराला जी जागा असते ती रात्री नऊला राहत नाही. भिंती त्याच, खुर्च्या त्याच. पण माणूस पहिल्या ग्लासाला पोराकडे बघून हसतो, दुसऱ्याला त्याच्याशी खेळतो, तिसऱ्याला त्याला उचलून हवेत उडवतो आणि चौथ्याला ते पोर तिथे आहे हेच विसरतो. हा क्रम इतक्यांदा पाहिलाय की कुणी पोर उडवायला लागला की मी हातातलं फडकं टाकून काउंटरच्या बाहेर यायचो.

तुमच्या मित्रांचं 'आम्ही आठ जण आहोत की' हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आठ जण बघणार म्हणजे कुणीच बघणार नाही. डेव्हिड कॅमेरून ब्रिटनचे पंतप्रधान असताना त्यांची आठ वर्षांची मुलगी एका पबमध्ये मागे राहिली होती, २०१२ मध्ये ती बातमी फुटली. नवरा-बायको वेगवेगळ्या गाड्यांतून निघाले. त्यांना वाटलं पोरगी आईबरोबर आहे, आईला वाटलं बाबांबरोबर. पोरगी साधारण पाव तास पबमध्येच. ज्या घराच्या मागेपुढे पोलीस असतात त्या घराचं हे, मग तुमचा-आमचा काय पाड? म्हणून एक नाव ठरवा. त्या माणसाने त्या दिवशी प्यायची नाही. 'एकच घेईन' वगैरे पण नाही.

आता एक काम करा. तिथे पोचलात की उकिडवं बसून साडेचार वर्षांच्या उंचीवरून ती जागा बघा. टेबलाची कड कपाळाशी येते. बिलियर्डचं टेबल असेल तर मागे खेचलेल्या काठीचं बूड थेट डोळ्याशी. आणि वेटर भरलेला ट्रे घेऊन निघाला की ट्रेखालचं त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. मी स्वतः एका मुलाला अडखळून सहा भरलेले ग्लास पाडलेत. पोराला ओरखडाही आला नाही, पण त्याची आई अर्धा तास त्याच्या केसांतून काचेचे कण निवडत बसली होती आणि मी टॉर्च धरून शेजारी उभा.

दुसरं, उष्टे ग्लास. माणसं उठून जातात आणि आम्ही टेबल आवरायला पोचेपर्यंत मधे दोन-चार मिनिटं जातात. तेवढ्यात एका तीन वर्षांच्या मुलाने रिकाम्या टेबलावर चढून तीन ग्लासांचे तळ संपवले होते. लहान मुलांच्या अंगात साखरेचा साठा मुळात कमी, आणि दारू पोटात गेली की यकृताला नवी साखर करता येत नाही, त्यामुळे रक्तातली साखर घसरते. पोर पेंगुळलंय असं वाटतं, पण ती झोप नसते. हे आम्हाला त्या दिवशी डॉक्टरांकडून कळलं. पोरगा वाचला, ठणठणीत आहे. त्याच्या वडलांचा चेहरा मात्र मी विसरलेलो नाही. (चकण्याच्या शेंगदाण्यांकडेही लक्ष ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देत नाहीत, श्वासनलिकेत अडकतात.)

आवाजाचं कुणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने हेडफोनसाठी जे माप घालून दिलंय त्यात मोठ्यांना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास चालतात, मुलांना ७५ डेसिबलचे ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९० डेसिबलमध्ये पोराचा आख्ख्या आठवड्याचा कोटा सव्वा तासात खलास. बंद हॉल, भरलेली टेबलं, वर गाणी, की ९० व्हायला वेळ लागत नाही. मी गंमत म्हणून फोनवर मोजायचो. अंगणात बसणार असाल तर तुमचं निम्मं काम झालं. स्पीकरखालचं बाक तेवढं टाळा.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. एक मुलगा यायचा, सहा-सात वर्षांचा असेल. आई-बाप दोघं चांगले, भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसते बसून राहायचे. हा टेबलाखाली. बाटल्यांची बुचं गोळा करायचा, रंगाप्रमाणे लावायचा, परत मोडायचा. एकदा काउंटरशी आला, हनुवटी वर करून मला विचारतो, "काका, तुमचं बंद कधी होतं?" म्हटलं, अकराला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोटं मोजली. पाच बोटं झाली. मग परत टेबलाखाली गेला.


बाकावरची_मी

मला नेलं होतं लहानपणी, म्हणून लिहिते.

बाबा मला रविवारी सकाळी त्यांच्या मित्रांच्या अड्ड्यावर न्यायचे. मी पाच-सहा वर्षांची. मला एक उंच बाक मिळायचं, पाय लोंबकळत ठेवून मी लिंबू सरबत प्यायचे आणि मोठ्यांचं बोलणं ऐकायचे. त्या बोलण्यातलं निम्मं कळायचं नाही, पण कुणी मला हाकलत नाही याचाच केवढा रुबाब वाटायचा! पत्ते पिसायला तिथेच शिकले. हरल्यावर न चिडता पैसे टाकायचे हेही तिथेच.

बाबांचा एक ग्लास असायचा. दुसरा भरायला कुणी बाटली पुढे केली की ते बोलायचे नाहीत, नुसता ग्लासावर तळहात ठेवायचे. बाटली मागे जायची. हा तळहात माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. पुढे हॉस्टेलवर मी तो जसाच्या तसा वापरला, तेव्हा कळलं की आपण हे कुठून उचललंय.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच अड्ड्यावर माझा मामाही असायचा. तोच बाक, तीच बाटली. मामा मला घरी सोडायला निघाला की मी बाबांचा शर्ट धरून बसायचे. का, ते मला तेव्हा सांगता यायचं नाही. मामा मला कधीही एक शब्द वाईट बोलला नव्हता. फक्त त्याचं हसणं मध्येच कुठेतरी बदलायचं, आणि ते बदललेलं मोठ्यांच्या आधी मला कळायचं.

त्यामुळे पिंगूच्या आई, जागेपेक्षा कंपूतले कोण कसे आहेत ते आधी आठवून बघा. तुम्हाला नावं माहीत असणारच.


बालवाडी_ताई

मी इतकी वर्षं तीन ते सहाच्या मुलांमध्ये काढली आहेत, तेव्हा भातुकलीवर मी बोलते.

घाबरू नका, पण सोडूनही देऊ नका. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, २००५ मध्ये छापून आला. दोन ते सहा वर्षांची १२० मुलं. प्रत्येकाला बाहुल्या दिल्या आणि खेळण्यातलं किराणा दुकान मांडून दिलं. 'आज घरी पाहुणे येणार, सामान घेऊन या', एवढंच. कुणी काय उचलावं हे कुणी सुचवलं नाही. १२० पैकी ७४ मुलांनी, म्हणजे जवळजवळ ६२ टक्क्यांनी, टोपलीत वाइन किंवा बिअर टाकली. सिगारेट उचलणारी २८ टक्के. ज्यांचे आई-वडील महिन्यातून एकदा तरी पितात त्यांच्यात दारू उचलणारी जास्त. आणि मोठ्यांचे सिनेमे बघणाऱ्या मुलांमध्ये तर हे प्रमाण कितीतरी अधिक होतं.

म्हणजे पिंगूला ब्रुअरी दाखवा किंवा दाखवू नका, 'हे मोठ्यांचं' हा धडा तिचा केव्हाच पाठ झालाय. आता तिला पुढचं काय दिसतं ते महत्त्वाचं. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा खेळात धडपडत चालायचा आणि सोफ्यावर आडवा पडायचा, बाकीची मुलं त्याच्या अंगावर पांघरूण घालायची. सगळ्यांना हा खेळ फार आवडायचा. मी त्याच्या आईला बोलावलं. आईने आधी नाही म्हटलं, मग रडली.

तुमच्या पिंगूने कप टेकवला आणि 'हाऽऽऽ' केलं. यात मला तरी घरातल्या एका खूश माणसाची नक्कल दिसते. नक्कल बदलली तर मात्र लिहा.


शांतताप्रिय

आमचीही बाजू कुणीतरी मांडा की. आम्ही दोघं, मूल नाही, होऊ द्यायचं नाही हे ठरवून. आठवडाभर मान मोडून काम करायचं आणि एक दिवस मोठ्या माणसांच्या जागी जाऊन मोठ्या माणसांसारखं बसायचं. गेल्या वेळी एक चेंडू थेट माझ्या ग्लासात. ग्लास पडला तर एक वेळ चाललं असतं, हा चेंडू नेमका आत बसला, आणि आई म्हणते, "बाळा, काकांना सॉरी म्हण." बाळ म्हणतं, "माझा चेंडू द्या."

बागा आहेत, मैदानं आहेत, मुलांची उपाहारगृहं आहेत. जगातली सगळी जागा मुलांची आणि आम्हाला एक बारही नाही? कायद्यानेच बंदी हवी. वय काय ते दारावर लिहा आणि मोकळे व्हा.


काउंटरमागचा

शांतताप्रिय, चेंडूबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. चेंडू आणणाऱ्यांना मी दारातच काढून ठेवायला सांगायचो. पण खरं सांगू का, अकरा वर्षांत ज्यांना मी हाताला धरून बाहेर काढलं ते सगळे सज्ञान होते.

कायद्याचं म्हणाल तर तो खेळ फार जुना. इंग्लंडात एके काळी घरची बिअर आणायला पोरांनाच पिटाळायचे, जग घेऊन. पोरं वाटेत घोट मारत यायची. म्हणून १९०१ मध्ये कायदा केला की चौदाच्या आतल्या मुलाच्या हाती द्यायची तर भांडं सीलबंदच हवं. १९०८ च्या बालकायद्याने चौदाखालच्या मुलांना बारमध्ये यायलाच बंदी केली. मग काय, पोरं दाराबाहेर आणि आई-बाप आत. आता तिथे २००३ चा परवाना कायदा आहे: जी जागा मुख्यतः पिण्यासाठीच आहे तिथे सोळाखालचं मूल मोठ्या माणसाशिवाय नको, मोठं माणूस असेल तर चालेल. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यामुळे विकत घ्यायचं वय सगळीकडे २१ झालं, पण मुलाने आई-बापाबरोबर आत पाऊल टाकायचं की नाही हे राज्याराज्यात निराळं.

मला पटलेला नियम मात्र म्युनिकचा. तिथल्या ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे बिअरच्या जत्रेला, लोक पोरांना खुशाल नेतात, कुणी नाक मुरडत नाही. पण संध्याकाळचे ८ वाजले की सहा वर्षांखालच्या मुलांना तंबूत थांबता येत नाही. आई-बाप बरोबर असले तरी नाही! बिअरवर वाढलेल्या शहरानेही शेवटी घड्याळच लावलं, पोरांना बंदी केली नाही. माझं वरचं म्हणणं हेच होतं, फक्त मला ते सांगायला पाऊण पान लागलं.

तुम्ही आठ वाजता या, शांतताप्रिय. आठनंतर सगळी जागा तुमची.


यीस्टची_माय

मी बिअर बनवते. विकणाऱ्यांचं वर आलं, आता बनवणाऱ्यांचं ऐका, कारण ब्रुअरी म्हणजे नुसता बार नसतो आणि हे पालकांच्या ध्यानात येत नाही.

अंगणात बसा, खुशाल बसा. पण पाहुण्यांना आतली टाक्यांची खोली दाखवायची टूम असते ना, "चला, कशी बनते ते दाखवतो", त्यात पिंगूला नेऊ नका. बिअर आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. साध्या, पाच टक्क्यांच्या आसपासच्या बिअरचा हिशेब धरला तर एका लिटरमागे साधारण २० लिटर. हजार लिटरची टाकी आंबून होईपर्यंत एका छोट्या खोलीत मावेल एवढा वायू सोडते. हा वायू हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. वायुवीजन चांगलं असेल तर निभतं, पण एखाद्या दिवशी पंखा बंद असेल तर? माझं नाक जमिनीपासून पाच फुटांवर, तिचं तीन फुटांवर. हवेत ४ टक्के झाला की अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या मापाने ती जागा जिवाला तत्काळ धोक्याची धरतात. आणि त्याला वासही येत नाही, नाकात फार तर चुणचुण.

बाकी आमच्या खोलीत उकळता रस असतो, टाक्या धुवायचं कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी असतं, जमीन कायम ओली, जिकडेतिकडे पायात नळ्या. मी स्वतः दोनदा आपटलेय. माझ्या भाचरांना मी कठड्याच्या बाहेर उभं करते आणि मूठभर माल्ट हातात देते. त्याचा वास घेऊन, दोन दाणे चावून ती खूश. "आत्याच्या कपड्यांना येतो तो वास!" हे त्यांचं शास्त्रीय निरीक्षण.

वासावरून आठवलं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत २००० साली चार ते सहा वर्षांच्या मुलांना बिअरचा वास देऊन बघितला होता. ज्यांचे आई-वडील मनावरचं ओझं उतरवायला पितात त्यांच्या मुलांना तो वास इतरांपेक्षा जास्त वेळा नकोसा वाटला. बिअर तीच आणि मुलंही त्याच वयाची. बाकावरची मी, तुमच्या मामाचं वाचताना मला हाच अभ्यास आठवत होता.

माझा धंदा हा आहे, तरी सांगते: दमून, वैतागून, 'आज मला गरज आहे' अशा दिवशी जाणार असाल तर तिला घरी ठेवा. मजेत असाल तर आणा.


पिंगूची_आई

मंडळी, जाऊन आले. तुम्ही एवढं लिहिलंत, तर वृत्तान्त द्यायला हवा.

कंपूला संध्याकाळची वेळ बदलायला लावली. दोघे कुरकुरले, एक आलाच नाही. बाराला पोचलो, दीडला उठायचं हे निघतानाच ठरलेलं. कोण पिणार नाही यासाठी नाणं उडवलं, नवरा हरला. त्याने पिंगूला समोर उभं करून सांगितलं, "आज मी तुझा. काही लागलं तर मला हाक मारायची." पिंगूला ते इतकं भारी वाटलं की पहिल्या पंधरा मिनिटांत तिने त्याला अकरा हाका मारल्या.

मी खरंच उकिडवी बसून पाहिलं. लोक बघत होते, बघू देत. टेबलाची कड कपाळाशी नाही, भुवईशी आली. आम्ही शेवटचं भिंतीकडचं बाक घेतलं, पिंगूला आतल्या बाजूला बसवलं, म्हणजे ये-जा करणाऱ्या ट्रेच्या वाटेत ती नाही. तिने खडूने ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांवर सगळ्यांचे चेहरे काढले. माझ्या चेहऱ्याला सात दात आहेत.

पहिला तास छान गेला. किती दिवसांनी मी एखाद्या वाक्याचा शेवट ऐकला! मग सव्वा वाजता आमचा एक मित्र, 'आम्ही आहोत की बघायला' म्हणणारा तोच, आला आणि पिंगूला उचलून हवेत उडवायला लागला. पिंगू खिदळत होती. मी त्याच्या टेबलाकडे पाहिलं, तिसरा ग्लास अर्धा झालेला. काउंटरमागचा दादा, मला तुमचं ते फडकं आठवलं हो. मी उठून उभीच राहिले. नवऱ्याने तोवर हसत हसत पोरगी त्याच्या हातातून काढून घेतली होती. कुणाला काही कळलंही नाही. मित्राचा वाईट हेतू नव्हता, माणूस सोन्यासारखा आहे, पण दीडला निघायचं होतं ते आम्ही एक वीसला निघालो. माझा ग्लास अर्धा राहिला. सगळे ओरडले, "आत्ता तर आलात!"

गाडीत पिंगूने विचारलं, "त्या काकांचा आवाज मोठा का झाला?" नवरा म्हणाला, बिअर जास्त झाली की होतो. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग तो लहान कसा करतात?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. 'झोपून', असं शेवटी नवऱ्याने सांगितलं आणि तिला ते पटलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जमायचं ठरतंय, दुपारचंच. या वेळी नाणं नाही, न पिण्याची पाळी माझी. शांतताप्रिय, चेंडू नेला नव्हता, खडू होते.

आईला हे सगळं सावकाश, माझ्या पद्धतीने सांगायचं ठरवलं होतं. रात्री तिचा फोन आला तो पिंगूने उचलला आणि मी पोचायच्या आत सांगून टाकलं, "आजी, आज आम्ही गुत्त्यात गेलो होतो. मी तिथे तुझं पण चित्र काढलं."